दारांआधी कड्या

माणसाला बढती देऊन अडगळीत कसं टाकतात, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं अखेरबुवांची हकीकत ऐकावी. अखेरबुवा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कुलपं, कड्या आणि बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते विक्री व्यवस्थापक होते. एरवी गोगलगाय असलेला हा गृहस्थ महिनाअखेर आली की पिसाळल्यासारखा वागायचा, म्हणून हाताखालच्या पोरांनी त्यांच्या पाठीमागे ठेवलेलं हे नाव. त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

विक्री सांभाळणं म्हणजे काय, हे त्यांना विचारावं. दुकानं ठरलेली, माल ठरलेला, पोरं ठरलेली. कोण कुठल्या भागात फिरतोय, कोण मागे पडलाय, कोण आजारी असल्याचं सांगून सिनेमाला जातोय, कुणाला पाठीवर थाप हवी आणि कुणाला लाथ, हे सगळं ओळखायचं आणि महिन्याचा आकडा गाठायचा. भिंतीवर मोठा फळा होता. त्यावर रोज सकाळी खडूनं नवा आकडा चढायचा, आणि शेवटच्या दिवशी तो आकडा गाठला की सगळ्या हॉलमध्ये चहा फिरायचा. दुसऱ्या दिवशी फळा पुसायचा की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. यात अखेरबुवांची उमेदीची वर्षं गेली आणि त्यांना कधी कंटाळा म्हणून आला नाही.

त्यांचा एक नियम होता. कागदावरची ऑर्डर म्हणजे लबाडाघरचं आवतण. मालाची गाडी गेटाबाहेर पडली की मगच विक्री, तोपर्यंत फळ्याला खडू लावायचा नाही. आणि एक युक्तीही होती. आकडा थोडक्यात हुकतोय असं दिसलं की एका जुन्या, मोठ्या दुकानदाराला फोन करायचा. बाबा रे, एवढी गाडी आज तुझ्या गोदामात उतरवून घे, पुढच्या महिन्यात काय ते बघू. दुकानदार कुरकुर करायचा आणि उतरवून घ्यायचा. हा नियम आणि ही युक्ती त्यांनी आपल्या प्रत्येक पोराला शिकवली, आणि सगळ्यांत जास्त मन लावून शिकवली ती आपल्या चेल्याला. नमुन्यांची पिशवी उचलण्यापासून त्यांनी त्याला तयार केलं होतं.

एके दिवशी मालकांनी बोलावून घेतलं. मालक म्हणाले की गावोगावच्या दुकानांत आपला माल पोचलाय, आता तिथं नवीन काही मिळायचं नाही. जिथं आपण नाही तिथं शिरलं पाहिजे. दवाखाने, शाळा, वसतिगृहं. त्यासाठी वेगळं खातं काढायचंय आणि तुमच्याशिवाय ते कुणाला जमणार? मोठं पद, वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली, दारावर पाटी, ‘व्यवसाय विकास’. अखेरबुवा हुरळून गेले. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय!

खोली बघितली आणि उत्साह निम्मा झाला. जुनी माहितीपत्रकं ठेवायची ती जागा. खिडकी होती, पण तिच्यातून मागच्या इमारतीची पाइप लावलेली भिंत दिसायची. फळा नाही, पोरं नाहीत, फोन वाजत नाही. खालच्या हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीवर चेला बसला होता आणि चहाचा आवाज वर येत होता.

घरी आईनं विचारलं, नवीन काम म्हणजे नक्की काय करतोस? अखेरबुवांनी सांगितलं की नवी गिऱ्हाइकं शोधायची. आई म्हणाली, म्हणजे विकायचंच ना? ते म्हणाले, नाही, विकणारे खाली आहेत, मी फक्त जागा तयार करायची. आई म्हणाली, मग विकत नाहीस? त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आईला समजत नव्हतं म्हणून चिडचिड होती असं नाही. त्यांना स्वतःलाच समजत नव्हतं आणि ते आईनं नेमकं पकडलं होतं. म्हातारी दर चार-आठ दिवसांनी तोच प्रश्न काढायची आणि यांचा जेवणाचा मूड जायचा.

बायकोला मात्र समजलं. ती बालवाडीची शिक्षिका होती. तिनं पोळी लाटता लाटता सांगून टाकलं, “अहो, इतकी वर्षं तुम्ही दहावीला शिकवत होतात. आता तुम्हाला बालवाडीत बसवलंय. माझ्या वर्गाचा निकाल कधी कुणी विचारलाय?”

हे त्यांना पटलं आणि पटल्यामुळे जास्तच राग आला. कारण मालक तर दर बैठकीत निकालच विचारत होते. खाली चेला आकडा सांगायचा, उत्पादनवाले आकडा सांगायचे, आणि यांची पाळी आली की हे सांगायचे की अमक्या शाळेच्या विश्वस्तांना भेटलो, तमक्या वसतिगृहाचा नकाशा पाहिला. मालक घड्याळाकडे बघायचे. कुणीतरी हळूच विचारायचं, काय विकासराव, झाला का विकास? आणि सगळे हसायचे. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाच्या आवाजानं हॉल थरथरायचा, त्यानं हे ऐकून घ्यायचं.

चूक त्यांचीही होती, नाही असं नाही. सवय जात नाही. पहिल्याच भेटीत ते विचारून बसायचे, मग ऑर्डर कधी? शाळेच्या विश्वस्तांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. एका वसतिगृहाच्या व्यवस्थापकानं तर चहाही पाजला नाही. दुकानदाराला विचारायचा प्रश्न इथं चालत नाही, इतकं त्यांना कळायला बरेच हेलपाटे पडले.

मग भेटल्या डॉक्टरीणबाई. गावातल्या जुन्या, मोठ्या दवाखान्याच्या त्या प्रमुख. शेजारच्या जागेवर नवी इमारत उठत होती आणि तिचा खिळा न् खिळा बाईंच्या नजरेखालून जात होता. अखेरबुवांनी बॅग उघडून नमुने मांडायला घेतले तशा त्या म्हणाल्या, बंद करा ते, माझ्याबरोबर चला. त्यांनी जुन्या वॉर्डातल्या न्हाणीघरांची दारं दाखवली. जवळजवळ प्रत्येक दाराची चौकट कडीपाशी फुटलेली आणि वर लाकडी पट्टी ठोकलेली. म्हातारा पेशंट आत जातो, कडी लावतो, चक्कर येऊन पडतो. बाहेरून उघडता येत नाही, मग दार फोडावं लागतं. दार फोडेपर्यंत आतला माणूस ओल्या फरशीवर पडून असतो. कडी लावू नका असं सांगितलं तर बायका आत जायलाच तयार नसतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे.

“मला कडी विकू नका,” बाई म्हणाल्या. “आधी हे बघा आणि काही सुचलं तर या.”

अखेरबुवा परतले ते करवादतच. हा काय कारखाना आहे की शाळेचं प्रदर्शन? पण रात्री हात धुताना ते स्वतःच्याच न्हाणीघराच्या कडीकडे बघत उभे राहिले, आणि आईनं बाहेरून दार वाजवलं तेव्हा भानावर आले. दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातल्या फोरमनच्या डोक्यावर जाऊन बसले. आतून कडी अशी हवी की थरथरत्या हातालाही फिरवता यावी, आणि बाहेरून अशी की नर्सच्या खिशातलं कुठलंही नाणं खाचेत घालून फिरवलं की उघडावी. किल्ली शोधायची भानगडच नको. फोरमननं आधी हात झटकले, मग मनावर घेतलं.

पहिला नमुना अडकायचा. दुसरा अडकत नव्हता, पण त्याचा असा खाडकन आवाज यायचा की वॉर्डातला पेशंट दचकून उठावा. तिसऱ्याला नाणं घसरायचं. बाईंनी जुन्या वॉर्डातलं एक न्हाणीघर त्यांना प्रयोगाला देऊन टाकलं होतं. अखेरबुवा तिथं जायचे, स्टुलावर बसायचे, कडी लावायचे, उघडायचे, पुन्हा लावायचे. नर्सेस हसायच्या. म्हणायच्या, साहेब, बरं वाटत नसेल तर केसपेपर काढा. पण हळूहळू त्याच सांगायला लागल्या की साबणाच्या हातानं आतला दांडा निसटतो, की खाच इतकी वर नको, वाकलेल्या बाईला दिसत नाही. आणि एक नवलच झालं. तिथं असताना अखेरबुवांना कधी फळा आठवायचा नाही.

शेवटी एक कडी जमली. गुपचूप लागायची, गुपचूप उघडायची. बाईंनी ती स्वतः नाणं घालून उघडून पाहिली आणि म्हणाल्या, “नव्या इमारतीत याच लावायच्या. पण दारं यायला अवकाश आहे. तोवर मला घाई करायची नाही. घाई करणाऱ्या दोघांना मी याआधी घरी पाठवलंय.”

आता खरा प्रश्न सुरू झाला, कारण इकडे मालकांनीही मुदत घातली होती. वर्ष संपेपर्यंत एक तरी नवं गिऱ्हाईक खात्यावर दिसलं पाहिजे, नाहीतर वरची खोली बंद. दारं येणार होती वर्ष संपता संपता. म्हणजे अखेरबुवांनी करायचं होतं ते इतकंच, की तोवर गप्प बसायचं. कड्या लागल्या की खोली राहणार होती, वर्षभर जी टिंगल ऐकून घेतली ती फिटणार होती, आणि आईला दाखवायला एक वस्तू हातात येणार होती. त्यांनी फोरमनला सांगून सगळ्या इमारतीपुरता माल तयारही करून ठेवला, आणि तिथंच माशी शिंकली.

वर्षअखेरच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. दुपारी चेला जिना चढून वर आला. तो वर्षभरात पहिल्यांदाच वर आला होता. चेहरा पडलेला. आकडा हुकत होता, आणि थोडाथोडका नाही.

“साहेब, तुमचा दवाखान्याचा माल तयार आहे. बाई हो म्हणाल्यात. आज गाडी काढू या.”

अखेरबुवा म्हणाले, डोकं फिरलंय का, तिथं अजून दारं नाहीत. चेला म्हणाला, दवाखान्यात कोण पाठवतोय, महिनाभर आपल्या गोदामवाल्याकडे ठेवू, दारं आली की पोचवू, बाईंना पत्तासुद्धा लागणार नाही. अखेरबुवांनी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. मग चेला म्हणाला, “निदान खाली तरी या. पोरं तुमची वाट बघतायत.”

आणि ते खाली गेले. ते खाली गेले नसते तर मला ही हकीकत सांगावीच लागली नसती. हॉलमध्ये तीच धांदल, तोच घामाचा आणि चहाचा वास. सगळी पोरं त्यांच्याकडे बघत होती. कुणीतरी त्यांची जुनी खुर्ची पुढे ओढली. फळ्यावर आकडा बरोबर एका गाडीपुरता मागे थांबला होता. वर्षभर ज्याला कुणी विचारलं नव्हतं तो माणूस त्या खुर्चीत बसला, त्यानं फळ्याकडे बघितलं आणि फोन हातात घेतला. गोदामवाल्या दुकानदाराला आपल्या जुन्या, खणखणीत आवाजात सांगितलं, एक गाडी येतेय, उतरवून घे. दुकानदार हो म्हणाला. गाडी गेटाबाहेर पडली. चेल्यानं फळ्यावर खडू ओढला. मालक स्वतः खाली आले आणि सगळ्यांदेखत अखेरबुवांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, शेवटी विकास दिसला म्हणायचा. पुन्हा सगळे हसले, पण या वेळी तेही हसले.

गोदामवाल्यानं हो म्हटलं होतं खरं, पण त्या दिवशी तो प्रत्येकाला हो म्हणत होता. आकडा हुकत होता म्हणून एकूण एक पोरानं तीच युक्ती केली होती, आणि सगळ्यांना तो एकच दुकानदार माहीत होता, कारण सगळ्यांचा गुरू एकच. अखेरबुवांची गाडी पोचली तेव्हा गोदामाचं दार लागत नव्हतं इतका माल आत कोंबलेला. ड्रायव्हरनं ऑफिसात फोन लावला. हॉलमध्ये टाळ्या चालल्या होत्या, कुणी उचलला नाही. ड्रायव्हर साधा माणूस. त्यानं मालाच्या चलनावरचा पत्ता वाचला आणि गाडी दवाखान्याच्या नव्या इमारतीवर नेऊन रिकामी केली.

सकाळी बाईंचा फोन आला. या, एवढंच म्हणाल्या.

इमारतीच्या भिंती अजून ओल्या होत्या. दारांच्या जागी नुसती भोकं. वाळूच्या ढिगाशेजारी कड्यांची खोकी रचलेली होती आणि त्यांवर बसून मजूर डबे खात होते. बाई तिथंच उभ्या होत्या, हातात बिल. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं की हे काय आहे.

अखेरबुवांच्या तोंडून जे निघायला नको तेच निघालं. ते म्हणाले, “हा माल इथं यायचाच नव्हता. गोदाम भरलं होतं म्हणून...”

“म्हणजे माझ्या नावावरचा माल माझ्या नकळत दुसऱ्याच्या गोदामात पडून राहणार होता?”

काय उत्तर देणार? कप्पाळ!

बाई म्हणाल्या, “तुमची कडी चांगली आहे. मी ती लावणारच. पण तुमच्याकडून घेणार नाही.” आणि बिल त्यांच्या हातात देऊन त्या ओला जिना चढून वर गेल्या.

माल परत आला. दुकानांत खपवून बघितला, तर दुकानदार म्हणाले, बाहेरून उघडणारी कडी कोण मूर्ख घेईल? सगळा भट्टीत गेला. वर्षअखेरीला मालकांनी वरची खोली बंद केली आणि अखेरबुवांना त्यांची खुर्ची परत दिली. चेल्याची बदली बाहेरगावच्या शाखेत झाली. कुणी एका शब्दानं बोललं नाही. उलट मालक म्हणाले, तुमचा पिंडच विक्रीचा, आमचीच चूक झाली. वर्षभर जे मिळावं म्हणून हा माणूस तळमळला ते सगळं मिळालं, आणि मिळाल्यापासून त्याचं कशातच मन लागेना. पोरांवर ओरडायचे, पण मध्येच थांबायचे. घरी बायकोनं एकदा विचारलं, काय होतंय? ते म्हणाले, काही नाही. एवढी शहाणी बाई, पण तिनंही पुढे विचारलं नाही.

पुढच्या वर्षी आईचा गुडघा धरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. जुना वॉर्ड बंद झाला होता, सगळे पेशंट नव्या इमारतीत. अखेरबुवा फळं घेऊन गेले तेव्हा आई न्हाणीघरात होती. बाहेर बायको उभी होती, घाबरलेली. सासूबाई केव्हाच्या आत आहेत, हाक मारली तर ओ देत नाहीत. अखेरबुवांनी दाराला खांदा लावायची तयारी केली, तेवढ्यात नर्स आली. तिनं त्यांना हातानं बाजूला केलं, खिशातून नाणं काढलं, खाचेत घातलं आणि फिरवलं. दार उघडलं. आवाज म्हणून झाला नाही.

आई आत स्टुलावर बसली होती, ठणठणीत. उठता येत नव्हतं आणि ओरडायची लाज वाटत होती. तिघांनी तिला धरून कॉटवर आणलं. नर्स जाता जाता म्हणाली, इथं सगळीकडे अशाच कड्या आहेत, बाईंनी मुद्दाम करून घेतल्यात, कुठल्याशा कंपनीकडून. अखेरबुवांनी मागे जाऊन बघितलं. दांडा तोच, साबणाच्या हातातून न निसटणारा. खाच तिथंच, वाकलेल्या बाईला दिसेल अशी. फक्त खाली कोरलेलं नाव दुसऱ्याचं.

ते परत येऊन कॉटपाशी बसले. आईचा श्वास आता ठिकाणावर आला होता आणि जीभही.

“तुमच्याच कारखान्याची का रे कडी?”

“नाही.”

“मग तू ते वर्षभर या दवाखान्यात येऊन नक्की करत होतास काय?”

इतक्या वेळा विचारलेला प्रश्न, आणि आज पहिल्यांदाच त्यांच्याकडे उत्तर होतं. ते म्हणाले, “हीच कडी करत होतो, आई.”

म्हातारीनं दाराकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “मग दुसऱ्याची कशी लागली?”

बायको फळं धुवायला म्हणून उठून गेली. तेवढ्यात अखेरबुवांच्या खिशातला फोन वाजला. ऑफिसातून होता. महिन्याचा शेवटचा दिवस होता, आकडा हुकत होता. आई उत्तराची वाट बघत राहिली आणि त्यांनी फोन उचलला.